बिननंबरी माणसाचा विमा

जोतीराम दिवाणजी ट्रॉलीला धडकले तेव्हा ट्रॉली उभी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काटेवाडीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपण लपवलं तर दुसरं कुणीतरी मीठमसाला लावून सांगणारच. उसाची ट्रॉली, पंक्चर झालेलं चाक, चाकामागे धोंडा, बाभळीखाली तंबाखू मळत बसलेला ड्रायव्हर, आणि कालव्याकडेच्या वाटेने सायकलवर संथ येत असलेले दिवाणजी. ड्रायव्हर नंतर चावडीवर म्हणाला, "मी हाका मारल्या की. त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली आन् तसंच आत गेलं."

आत म्हणजे उसात.

चष्म्याची एक काडी गेली, कोपर सोलवटलं, आणि अब्रूचं म्हणाल तर ती जमा-खर्च मांडण्यापलीकडे गेली. माणसाला चालत्या वाहनाने उडवलं तर गाव भेटायला येतं. माणसानेच उभ्या वाहनाला उडवलं तर गाव येतं ते बघायला.

खरं तर दिवाणजी त्या वेळी कामात होते. बारामतीत एका कापडाच्या पेढीवर ते हिशेब लिहीत. दिवसभर आकडे, दिवसभर "हे वीस मीटर कुणाच्या खाती?" मग माणसाने स्वतःचं असं काही करायचं कधी? ते त्यांनी सकाळच्या सायकलीवर ठेवलं होतं. हिवाळ्यात कालव्यावर धुकं उतरलं की दिवाणजी ते मापायला घेत. पाण्यावरचं पातळ धुकं म्हणजे मलमल. बांधापाशी दाटलेलं, ते जाड धोतरजोडीचं. उसाला तुरे आले की त्यांच्यावर ऊन पडून जो रंग होई, त्याला कापडबाजारात नाव नव्हतं. दिवाणजी रोज एक नाव ठेवत आणि रोज रद्द करत. त्या दिवशी नाव जवळपास जमलं होतं. तेवढ्यात ट्रॉली आली. म्हणजे ती आधीपासून होतीच.

घरी रोहिणीताईंनी कोपराला हळद लावली. तीही अगदी हलक्या हाताने. हे लक्षण वाईट, हे दिवाणजींना संसाराच्या अनुभवाने ठाऊक होतं. मग त्यांनी सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"उद्यापासनं दिग्विजयच्या गाडीवर मागं बसून जायाचं."

"अगं पण—"

"तुमच्या डोळ्यांचं काय न्हाय, चष्मा नवा करता येतो. तुमी तितं नसताच, त्याला काय करू?"

दिग्विजय म्हणजे पुतण्या. त्याच्या मोटारसायकलचा आवाज आधी गावात पोचे आणि तो नंतर. दोन दिवस दिवाणजी त्याच्या मागे बसून गेले. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी त्याच्या जर्किनला धरलेलं, कानात वारा आणि कुठलंतरी डीजेचं गाणं. काटेवाडी ते बारामती हे अंतर इतकं लहान असू शकतं याचंच त्यांना वाईट वाटलं. कालवा कुठे आला नि कुठे गेला, कळलंच नाही. पेढीवर बसल्यावर त्यांना दिवसभर आपण घरून निघालोच नाही असं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोसमोर प्रस्ताव मांडला. मोठा विचार करून मांडला.

"मी विमा उतरवला तर?"

रोहिणीताईंनी भाकरी उलटली. "कशाचा?"

"माझा. सायकलवर असतानाचा. रस्त्यावर काही झालं तर संरक्षण पाहिजे, एवढंच ना तुझं म्हणणं?"

त्यांचं म्हणणं तेवढंच नव्हतं. पण नवरा एखादी गोष्ट आपणहून करायला निघालाय हे पाहून त्या जरा नरमल्या. "कागद हातात ठिवा, मग किल्ली देते," म्हणाल्या.

म्हणजे सकाळचं धुकं आता एका कागदाच्या पलीकडे होतं. आजवर दिवाणजींच्या हातून इतके कागद गेले होते, की आणखी एका कागदाचं त्यांना भय वाटलं नाही. इथे त्यांचा अंदाज चुकला.

बारामतीत स्टँडजवळ विजयसिंह नावाचा एक तरुण विमा प्रतिनिधी बसे. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर गणपती, शेजारी संगणक. दिवाणजींनी सांगितलं, सायकलचा विमा उतरवायचाय.

"कुठली बाईक, काका?"

"बाईक नाही. सायकल."

"इलेक्ट्रिक?"

"पायांची."

विजयसिंहाने संगणकाकडे पाहिलं. "ह्याला आधी गाडीचा नंबर लागतो. नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही." मग तो सौजन्याने म्हणाला, "घरात दुसरी गाडी असेल ना? नाही? मोपेड? ट्रॅक्टर? शेतात एखादा पॉवर टिलर?" प्रत्येक "नाही" बरोबर दिवाणजी खुर्चीत थोडे खाली सरकत गेले. शेवटी मागे रांगेत उभा असलेला एक बागायतदार हळहळून म्हणाला, "असू द्या, घेताल हळूहळू."

या वाक्याने दिवाणजी जितके दुखावले, तितके ट्रॉलीनेही दुखावले नव्हते.

संध्याकाळी शेजारचे दत्तोबा आले. दत्तोबांच्या गोठ्यात चार जर्सी गाई होत्या आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ते त्या चार गाईंतून काढत.

"दिवाणजी, विम्यातलं मला इचारा. चारी गाईंचा उतरवलाय. कानात बिल्ला मारला, बिल्ल्यावर नंबर आला, झालं काम. तुमच्या सायकलला नंबर न्हाय, म्हंजी विम्याच्या लेखी ती जन्मालाच आली न्हाय."

"मग काय करू? सायकलच्या कानात बिल्ला मारू?"

"कान कुठंय तिला," दत्तोबा गंभीरपणे म्हणाले. हा मुद्दा त्यांनी आधीच तपासून पाहिला असावा. "आता नीट ऐका. गाय गोठ्यात असती. मी समजा इंदापूरच्या बाजारात हाय. गाय हितं मेली, तर पैसं कुणाला मिळत्यात?"

"तुम्हाला."

"मी तर तितं न्हाय."

"पण मालक तुम्ही."

"ह्येच. बिल्ला गाईला, संरक्षण मालकाला. मालक कुठं का हिंडंना. तसं तुमी एक गाडी घ्या नंबरची. ती राहू द्या दारात. तिच्यापायी मालकाचा बी अपघाताचा विमा उतरतो, सक्तीचा असतोय. मग तुमी सायकलवर हिंडा न्हायतर कालव्यात पवा."

दिवाणजी हिशेबाचे माणूस होते. बाजू दोन्ही जुळत होत्या. एवढंच ध्यानात आलं नाही की गाईवर बसून कुणी बारामतीला जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विजयसिंहाला फोनवरून विचारलं, गाडी नावावर असली की मालकाला अपघाताचं संरक्षण असतं का. "असतं की काका, घ्यावंच लागतं," तो आनंदाने म्हणाला. "लायसन्स मात्र पाहिजे." अपघाताच्या वेळी मालक कुठे असेल हे यांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. असे व्यवहार दोन्ही बाजू समाधानी असताना बिघडतात.

गाडीचा प्रश्न सोपा निघाला. इंदापूरला रोहिणीताईंच्या बहिणीचे यजमान कुंडलिकराव यांच्या दारात एक पांढरी मोटार बरेच दिवस उभी होती. कधीकाळी पांढरी. फोन केल्यावर कुंडलिकराव हळवे झाले.

"साडू, दुसऱ्या कुणाला दिली नसती. घरातल्या माणसागत वागवलीय. घिऊन जा."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आजच न्या म्हणावं, म्हस बांधायला जागा न्हाय."

गाडीचे कागद मात्र धडधाकट होते, याची कुंडलिकरावांनी पुन्हा पुन्हा ग्वाही दिली. गाडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

राहिलं लायसन्स. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत संगणकावर प्रश्न येत आणि ठरावीक वेळ संपली की आपसूक निघून जात. एक प्रश्न आला: समोर सायकलस्वार दिसल्यास तुम्ही काय कराल? दिवाणजी त्या प्रश्नाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. समोर सायकलस्वार दिसल्यास. त्यांना पाठमोरा एक माणूस दिसला, धुक्यात, अगदी हलका, पुढे पुढे जाणारा. त्याच्याबाबतीत काय करावं? हॉर्न वाजवून त्याला दचकवावं? त्याच्या मनात या क्षणी काय चाललं असेल? डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असताना प्रश्न निघून गेला, मागोमाग आणखी दोन गेले, आणि दिवाणजी नापास झाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तो प्रश्न न वाचताच सोडवला.

मोटार चालवायला शिकवणारे मास्तर पहिले दोन दिवस जागे असत. नंतर त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस मोटारही सायकलच्याच वेगाने चालवतो. मग ते डोक्यावर टोपी ओढून निवांत झोपत आणि दिवाणजी एमआयडीसीच्या रुंद रस्त्यावरून, गुलमोहराच्या सावल्या मोजत, गाडी तरंगवत नेत. मागे वाहनांची रांग लागे. पक्क्या परवान्याच्या वेळी आरटीओच्या साहेबांनी शेरा मारला, "सुरक्षित आहे, पण आमचा दिवस गेला."

गाडी नावावर झाली, विजयसिंहाच्या संगणकाने पुढचं पान उघडलं, आणि विम्याचा कागद छापून आला. कोपऱ्यात 'मालक-चालक: जोतीराम' असे शब्द होते. दिवाणजींनी तो लॅमिनेट करून घेतला. घरी रोहिणीताईंनी तो पालथा करून बघितला.

"ह्यात सायकल कुठंय?"

"अगं, ते गाईसारखं असतं."

रोहिणीताई म्हणाल्या, "गाडी दारात येऊ द्या, मग बघू." किल्ली कमरेलाच राहिली.

गाडी आणायला दत्तोबांनी ओळखीचा एक ट्रॅक्टर गाठून दिला. तो इंदापूरकडून रिकामी ट्रॉली घेऊन परतणार होता. इंजीन कुंडलिकरावांच्या फाटकापर्यंत चाललं, कारण फाटक उतारावर होतं. मग दोर बांधला. कुंडलिकरावांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाठ फिरवून म्हशीला आणायला गेले.

आता हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पुढे ट्रॅक्टर, मध्ये ट्रॉली, मागे दोराने बांधलेली पांढरी मोटार, आणि तिच्या स्टिअरिंगमागे नवा लायसन्सधारक. इंजिनाचा आवाज नाही. हॉर्न नाही. काच खाली घेतलेली, कारण ती वर जात नव्हती. दोन्हीकडे उसाचे तुरे आणि त्यांच्यावर तिरपं ऊन. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच दिवाणजींना बरं वाटलं. मोटार एवढी शांत असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वाटेत रसवंतीपाशी एक बाई हसली, तिला त्यांनी राजासारखा हात केला. तुऱ्यांच्या रंगाचं नाव पुन्हा ओठांवर यायला लागलं. सणसरजवळ ट्रॅक्टरवाल्याने चहासाठी ट्रॅक्टर बाजूला घेतला. ट्रॉली थांबली. दोर सैल पडला.

दिवाणजी थांबले नाहीत.

आवाज फार मोठा झाला नाही. उजवा दिवा फुटला, बॉनेटला घडी पडली. चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. त्यांतला एकजण त्यांना निरखत म्हणाला, "तुमी काटेवाडीचं व्हय? म्हंजी आता मोटारीनं सुरू केलं का?"

कीर्ती बारामती तालुका ओलांडून इंदापूर तालुक्यात पोचली होती.

गाडी दारात येऊन लिंबाखाली उभी राहिली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तानूबाईंनी तिच्या टपावर मिरच्या वाळत घातल्या. "पत्रा चांगला तापतोय," त्यांनी दाद दिली. गावातला जो तो येऊन गाडीला एक लाथ हलकेच मारून जाई आणि विचारी, "आता दिवाणजी, सायकल कशाला?" सायकलसाठीच तर गाडी, हे खरं उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हटलं की कसंतरीच वाटे.

दिव्याच्या भरपाईसाठी ते विजयसिंहाकडे गेले. त्याने ट्रॉलीपासून सायकलपर्यंत सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याने हळूच पेन खाली ठेवलं.

"काका, म्हणजे तुम्ही सायकल चालवणार, आणि गाडी?"

"दारात."

"मग हा विमा कसा लागेल? मालक गाडीत असताना लागतो तो. चालवताना, चढताउतरताना. सायकलवर नाही."

"गाय गोठ्यात असते तरी—"

"कोण गाय?"

दिवाणजींनी विषय सोडला. बाहेर स्टँडवर गाड्यांची नावं पुकारली जात होती. त्यांनी लॅमिनेट केलेला कागद टेबलावर पालथा ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ज्याच्याकडं गाडी नाही, त्यानं सायकलवरून पडायचं तरी कुणाच्या भरवशावर?"

"त्याला गाडी लागतच नाही की काका," विजयसिंह म्हणाला. "साधा अपघात विमा असतो माणसाचा. पायी असा, सायकलवर असा, नारळाच्या झाडावर असा. नाव, वय, वारसाचं नाव. पाच मिनिटांचं काम."

"मग हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

विजयसिंहाने प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्ही सायकलचा विमा मागितलात. माणसाचा मागितलाच नाहीत."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नवा कागद घेऊन दिवाणजी दिग्विजयच्या मागे बसून घरी आले. वाटेत प्रथमच त्यांनी डोळे उघडे ठेवले. कालवा एकदा लखकन चमकून गेला.

रोहिणीताई ओट्यावर बसल्या होत्या. हा कागद त्यांनी पालथा केला नाही. चष्मा लावून, बोट ठेवून, सावकाश वाचला. एक डोळा गेला तर अमुक. दोन्ही गेले तर तमुक. एक हात, एक पाय. प्रत्येक अवयवापुढे रक्कम. शेवटी माणूसच गेला तर सगळी रक्कम, आणि तिच्यापुढे वारस म्हणून स्वतःचं नाव. त्या नावावर बोट थांबलं.

"तुमी गेल्यावर हे मला मिळणार."

"हो. तुलाच."

"मग हे माझं संरक्षण झालं. तुमचं कुठं हाय ह्यात?"

दत्तोबांचा हिशेब दिवाणजींनी मनात पुन्हा मांडून पाहिला. बिल्ला एकाला, पैसे मालकाला. या व्यवहारात गाय कोण, हे त्यांना आज कळलं.

"तुला कागद पाहिजे होता," ते हळू म्हणाले.

"मला तुमी पायजे होता. संध्याकाळी दारात, चष्म्यासकट." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "त्या कालव्यावर असं काय बघता हो, की समोरची ट्रॉली दिसत न्हाय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. दिवाणजी सांगायला गेले, पण मलमल आणि धोतरजोडी ओट्यावर बसून सांगताना फार खुळ्यासारखी वाटली. ते दोनदा सुरू झाले आणि दोनदा थांबले. "सांगण्यासारखं काही नाही," म्हणाले.

"बरं," रोहिणीताई म्हणाल्या. "मी येते."

"कुठं?"

"मागं क्यारेजवर. तुमी चालवा, मी रस्ता बघते. चार दिवस बघते, जमलं तर किल्ली तुमची. न्हाय जमलं तर सायकल तानूबाईच्या अंगणात, भोपळ्याचा वेल सोडायला."

सकाळी निघाले. दत्तोबा गोठ्यातून बघत होते. ते धार काढायचे थांबले. रोहिणीताईंनी क्यारेजवर चादरीची घडी टाकली होती. एका हाताने सीट धरून त्या पुढे डोकावत बसल्या आणि गाव संपेपर्यंत एकसारख्या सूचना देत राहिल्या. "खड्डा. डावीकडं घ्या. म्हस. ट्रॅक्टर येतोय, थांबा, जाऊ द्या त्याला. दगड. तुमी हाय का हितं?"

"आहे," दिवाणजी म्हणाले. आणि खरंच होते. मलमल नाही, तुरे नाहीत. फक्त दगड, खड्डा आणि म्हैस. त्यांना वाटलं, हेही दिग्विजयच्या गाडीसारखंच झालं, फक्त सावकाश. चार दिवस असे गेले तर किल्ली मिळेल, पण तिने उघडणार काय?

मग कालव्याची वाट लागली. धुकं पाण्यावर पडून होतं. पलीकडच्या काठावरची झाडं अर्धीच होती, खालची अर्धी कुणी उचलून नेल्यासारखी. एक बगळा पाण्यावरून त्यांच्या चालीने उडत राहिला. मागून येणाऱ्या सूचना विरळ झाल्या. "खड्डा," एवढं एकदा आलं, तेही खड्डा गेल्यावर. मग तेही नाही.

दिवाणजींना काळजी वाटली. "बसलीस ना नीट?"

"हं."

बगळा वळून पलीकडच्या काठाला उतरला.

"अहो."

"काय?"

"तितं पल्याड, त्या वाकड्या बाभळीपाशी, एक खोली असती तर. एकच. खिडकी पाण्याकडं."

दिवाणजींनी पायडल मारणं जरा हलकं केलं. खोली त्यांना दिसली. "दार कुणीकडं?"

"दार उगवतीला. पायऱ्या थेट पाण्यात. भांडी बसून घासायची, वाकून न्हाय."

"पडदे लावायचे का?"

"पडदे कशाला, धुकं हाय की."

कापडाच्या धंद्यात इतकी वर्षं काढून हे दिवाणजींच्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनी मांडणीचा प्रश्न काढला, चूल कुठे, देव कुठे. रोहिणीताईंनी चूल बाहेर काढली, ओसरी वाढवली, बहिणीला उतरायला एक खोली जास्त घेतली आणि कुंडलिकराव येतील म्हणून पुन्हा कमी केली. सायकल आपल्या तंद्रीत चालली होती. ट्रॅक्टर आले असतील आणि बाजूने गेलेही असतील.

बारामतीचा पूल केव्हा आला आणि केव्हा मागे पडला, दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. पेढी उघडायची वेळ झाली, टळली. बारामतीपलीकडे माळेगावच्या शिवेत, भर वाटेतून येणारी सायकल एका बैलगाडीवाल्याने ओळखली नाही, पण कासरा ओढून गाडी थांबवली. साखर कारखान्याचा भोंगा कुठेतरी वाजत होता.

"कुठं निघालाय पाव्हणं, जोडीनं?"

दिवाणजी दचकले, ब्रेक दाबला, आजूबाजूला पाहिलं. ही कुठली वाट, हे त्यांना कळेना. त्यांनी अपराध्यासारखं मागे वळून बायकोकडे पाहिलं. रस्ता बघायचं काम तिच्याकडे होतं.

रोहिणीताईंनी पदर सारखा केला. गाडीवाल्याच्या खांद्यावरून पलीकडच्या पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "घर बघायला."